आरक्लोनचा बॅकअप दर आठवड्याला बंद का पडतो?

कोल्हापुरात मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान असो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं ड्रॉइंग ऑफिस असो की राजारामपुरीतला लग्नांचं शूटिंग करणारा स्टुडिओ, तक्रार एकाच साच्याची येते. आरक्लोन (कमांडने फाइल्स क्लाउडवर पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, गूगल ड्राइव्ह जोडला, रात्रीचा बॅकअप लावला. चार-सहा दिवस फाइल्स नीट वर गेल्या आणि मग एक दिवस ठप्प. कुणीतरी पुन्हा लॉगिन करून दिलं की सुरू, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं.

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात हिशोबाची एक प्रत गावाबाहेर असावी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोळ होतो तो ती प्रत खरोखर जाते आहे की नाही हे न बघण्यात.

बॅकअप बंद पडला की बरेच जण आरक्लोन काढून पुन्हा बसवतात. त्याने काही होत नाही. आधी बंद पडण्याचा ठेका बघा. बरोबर सात दिवसांनी पडतो का? हाताने चालवला तर चालतो आणि रात्री आपोआप चालत नाही, असं आहे का? वीज जाऊन आल्यावरच बिघडतो का? रोज एकाच फाइलवर अडतो का? ठेका कळला की निम्मं काम झालं, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनीच टाइप करायच्या. कोलन, डॅश आणि अवतरणचिन्हं मात्र दिसतात तशीच ठेवा, निम्म्या चुका तिथेच होतात.

आधी लॉग

लॉग नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. रोजच्या कमांडला या दोन गोष्टी जोडा:

--लॉग-फाइल "डी:\लॉग\बॅकअप.टीएक्सटी" --लॉग-लेव्हल इन्फो

इन्फो पातळीवर कोणती फाइल गेली, कोणती राहिली आणि का, हे वेळेसकट लिहिलं जातं. डीबग पातळी कायम चालू ठेवू नका, चार दिवसांत लॉगच बॅकअपपेक्षा मोठा होईल. बॅकअप स्क्रिप्टमधून चालत असेल तर शेवटी एक्झिट कोडही (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) लॉगमध्ये लिहून घ्या. ० म्हणजे ठीक, २ म्हणजे कमांड लिहिण्यात चूक, ३ म्हणजे फोल्डर सापडला नाही, ५ म्हणजे पुन्हा प्रयत्न केल्यास जमेल अशी तात्पुरती अडचण आणि ७ म्हणजे पुन्हा प्रयत्न करूनही उपयोग नाही अशी.

बरोबर सात दिवसांनी: टोकन

लॉगमध्ये ‘इन्व्हॅलिड ग्रँट’ आणि ‘टोकन हॅज बीन एक्स्पायर्ड ऑर रिव्होक्ड’ असं दिसलं तर रोग सापडला: गूगलने आरक्लोनला दिलेली परवानगीची चावी, म्हणजे टोकन, मेलेली आहे. सर्वांत जास्त वेळा भेटतो तो हाच, आणि तो होतो जरा जास्त नीटपणे काम केलेल्या माणसाला.

आरक्लोनमध्ये क्लायंट आयडी (गूगलकडची अ‍ॅपची ओळख) न देता ड्राइव्ह जोडला तर आरक्लोनचा स्वतःचा सामायिक आयडी वापरला जातो. जगभरातले लोक त्याच दारातून जात असल्यामुळे गर्दी होते, वेग मार खातो आणि ४०३ च्या (विनंती नाकारल्याच्या) एरर येत राहतात. म्हणून जाणकार माणूस गूगल क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन स्वतःचा क्लायंट आयडी काढतो. सल्ला बरोबरच आहे. पण नवीन अ‍ॅप ‘एक्स्टर्नल’ प्रकारात तयार केलं की त्याची स्थिती आपोआप ‘टेस्टिंग’ असते, आणि टेस्टिंगमधल्या अ‍ॅपला गूगल जे रिफ्रेश टोकन देतं त्याचं आयुष्य सात दिवसांचं असतं. मंगळवारी दुपारी जोडलं तर पुढच्या मंगळवारी दुपारपर्यंत चालणार आणि त्या रात्रीपासून बंद.

उपाय पाच मिनिटांचा आहे, फक्त क्रम चुकवू नका.

१. ज्या खात्यातून क्लायंट आयडी काढला त्याच खात्याने गूगल क्लाउड कन्सोल उघडा आणि वरच्या पट्टीत योग्य प्रोजेक्ट निवडलेला आहे ना ते बघा. दोन-तीन प्रोजेक्ट करून ठेवलेले असतात आणि माणूस भलत्याच प्रोजेक्टमध्ये बदल करून येतो.

२. ‘गूगल ऑथ प्लॅटफॉर्म’मध्ये ‘ऑडियन्स’ उघडा. पब्लिशिंग स्टेटसखाली ‘टेस्टिंग’ दिसेल. ‘पब्लिश अ‍ॅप’ दाबून ते ‘इन प्रॉडक्शन’ करा. फक्त स्वतःच्या दुकानापुरतं वापरायचं असेल तर व्हेरिफिकेशनच्या फंदात पडायची गरज नाही.

३. आता बॅकअपच्या मशीनवर ही कमांड द्या:

आरक्लोन कॉन्फिग रीकनेक्ट ड्राइव्ह:

इथे ‘ड्राइव्ह’ म्हणजे तुम्ही रिमोटला (आरक्लोनमध्ये जोडलेल्या खात्याला) दिलेलं नाव, आणि त्यानंतरचा कोलन हवाच. ब्राउझर उघडेल, ‘गूगलने हे अ‍ॅप तपासलेलं नाही’ अशी पाटी येईल. अ‍ॅप तुमचंच आहे, तेव्हा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून पुढे जा आणि परवानगी द्या.

तिसरी पायरी गाळणारे पुष्कळ. पब्लिश केल्यावर जुनं टोकन काही दीर्घायुषी होत नाही, ते टेस्टिंगमध्ये असताना दिलेलं असल्यामुळे त्याच्या मुदतीला मरतंच. मग ‘पब्लिश करूनही बंद पडलं’ अशी तक्रार येते.

कार्यालयाचं गूगल वर्कस्पेस खातं असेल तर अ‍ॅप ‘इंटर्नल’ प्रकारात ठेवा, तिथे सात दिवसांची भानगडच नाही. आणि सहा महिने टोकन वापरलंच नाही तर ते कसंही मरतं, म्हणजे वर्षातून एकदा मार्चअखेरीला बॅकअप काढणाऱ्यांना दर वर्षी रीकनेक्ट करावंच लागणार. वनड्राइव्हला हीच मुदत ९० दिवसांची आहे.

हाताने चालतो, रात्री चालत नाही

कमांड स्वतः टाइप केली की सगळं व्यवस्थित. विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर किंवा लिनक्सच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयींवर) सोपवलं की लॉगमध्ये ‘डिडन्ट फाइंड सेक्शन इन कॉन्फिग फाइल’. याचा अर्थ आरक्लोन चालू झालं, पण त्याला तुमची कॉन्फिग (जोडलेल्या खात्यांची सेटिंग फाइल) सापडली नाही.

आरक्लोनची कॉन्फिग फाइल वापरकर्त्याच्या खात्यात असते. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये, विंडोजवर अ‍ॅपडेटातल्या रोमिंगमध्ये. तुम्ही ‘अकाउंट्स’ नावाच्या खात्यातून रिमोट बनवला आणि टास्क मात्र ‘सिस्टीम’ खात्यातून चालतो, तर त्याच्या दृष्टीने तुमचा रिमोट अस्तित्वातच नाही. लिनक्सवर सुडो लावून (म्हणजे रूट या मुख्य खात्यातून) चालवणाऱ्यांचंही तेच होतं, रूटची कॉन्फिग वेगळी.

खात्री करून घ्यायची असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘आरक्लोन कॉन्फिग फाइल’ ही कमांड टाका आणि तिचं उत्तर लॉगकडे वळवा. रात्रीच्या टास्कने नेमकी कोणती फाइल बघितली ते सकाळी समजतं. मग मूळ कमांडमध्ये --कॉन्फिग देऊन पूर्ण पत्ता लिहून टाका. त्या फाइलवर टास्कच्या खात्याला लिहिण्याचीही परवानगी हवी, कारण आरक्लोन नवं अ‍ॅक्सेस टोकन तिथेच साठवतं. फक्त वाचायची परवानगी दिली की टोकन साठवता आलं नाही म्हणून लॉगमध्ये एरर येत राहतात.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये आणखी चार ठिकाणी पाय अडखळतो. नवीन टास्क डीफॉल्टने फक्त चार्जर जोडलेला असतानाच सुरू होतो, तेव्हा लॅपटॉप असेल तर ‘कंडिशन्स’मधली ती खूण काढा. ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर टास्क हुकतो तो हुकतोच. ‘सेटिंग्ज’मध्ये हुकलेला टास्क लवकरात लवकर चालवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेला टास्क विंडोज मारून टाकतं, आणि स्टुडिओतल्या पहिल्या मोठ्या अपलोडला ही मर्यादा हमखास लागते. चौथं म्हणजे नेटवर्कवरची झेड: किंवा वाय: ड्राइव्ह. लॉगिन न करता चालणाऱ्या टास्कला ही अक्षरं दिसत नाहीत, त्याला दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो.

बॅच फाइलमध्ये पत्ता अवतरणात लिहिताना शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका. "डी:\हिशोब\" असं लिहिलं की शेवटचा बॅकस्लॅश पुढच्या अवतरणचिन्हाला गिळतो आणि उरलेली अख्खी कमांड त्या पत्त्याचाच भाग समजली जाते. "डी:\हिशोब" एवढंच पुरे. पूर्ण ड्राइव्ह द्यायचा असेल तर अवतरण न लावता ई:\ लिहा.

लिनक्सवर क्रॉन वापरणाऱ्यांनी टक्क्याच्या चिन्हापासून जपून राहावं. तारखेचं फोल्डर करण्यासाठी डेट कमांडमध्ये टक्का येतो, आणि क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे ओळ संपली. टर्मिनलमध्ये चालणारी कमांड क्रॉनमध्ये अर्धवट तुटते ती यामुळे. टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे सगळं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये घालून क्रॉनला फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. क्रॉनचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डर्सची यादी) तोकडा असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये आरक्लोनही पूर्ण पत्त्यानेच बोलवा. कालचा बॅकअप संपायच्या आत आजचा सुरू होत असेल तर कमांडच्या पुढे ‘एफलॉक’ (एकावेळी एकच खेप चालू देणारी कमांड) उणे एनसकट (-एन) बसवा. पहिला चालू असला की दुसरा गुपचूप परत जातो.

वीज गेली, आली, आणि बॅकअप बिघडला

हा ठेका जुन्या मशीनचा. दुकानातल्या आठ-दहा वर्षांच्या पीसीतला सीआर२०३२ सेल संपलेला असतो. वीज गेली की मदरबोर्ड तारीख विसरतो आणि मशीन कित्येक वर्षं मागे जाऊन उभं राहतं. आरक्लोन ड्राइव्हशी बोलायला जातं तेव्हा समोरचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागूच न झालेलं’ दिसतं आणि लॉगमध्ये एक्स५०९ ने सुरू होणारी ओळ येते. ती ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘करंट टाइम’ म्हणून मशीन कोणतं साल समजून बसलंय ते तिथेच छापलेलं असतं.

अ‍ॅमेझॉनच्या एस३ वर फरक वर्षांचा असायचीही गरज नाही. घड्याळ १५ मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की ‘रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड’ म्हणून विनंती नाकारली जाते.

‘विंडोज आपोआप वेळ जुळवतं की’ असं म्हणाल तर त्यालाही हद्द आहे. डोमेनमध्ये नसलेल्या मशीनवर विंडोजची टाइम सर्व्हिस डीफॉल्टने १५ तासांपर्यंतचाच फरक स्वतःहून दुरुस्त करते. त्याहून जास्त फरक असेल तर ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ दिलं तरी बदल फारच मोठा आहे म्हणून ती नकार देते. आधी हाताने तारीख आणि वेळ जवळपास बरोबर करा, मग रीसिंक द्या. आणि सेल बदला. मिळतो कुठेही, पण लावायचं म्हणजे मशीन उघडावं लागतं म्हणून कुणी मनावर घेत नाही आणि दर पावसाळ्यात आरक्लोनला शिव्या बसतात.

रोज एकच फाइल अडते

यात दोन जाती आहेत, लॉगमधल्या शब्दांवरून वेगळ्या ओळखता येतात.

‘सोर्स फाइल इज बीइंग अपडेटेड’ किंवा ‘दुसरा प्रोग्रॅम ही फाइल वापरतोय’ अशा अर्थाची ओळ असेल तर फाइल उघडी आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर रात्री चालूच सोडलेलं असतं, नाहीतर कुणीतरी एक्सेल उघडं ठेवून घरी गेलेलं असतं. आरक्लोन स्वतःहून विंडोजची शॅडो कॉपी (उघड्या फाइलची गोठवलेली प्रत) घेत नाही, त्यामुळे कुलूप लागलेली फाइल त्याला वाचता येत नाही. वाचता आली तरी लिहिणं अर्धवट असताना काढलेली हिशोबाची प्रत परत उघडेलच असं नाही, आणि हे जास्त वाईट. चालू डेटाच्या फोल्डरवर आरक्लोन लावूच नका. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप पर्यायाने वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत काढा आणि ते फोल्डर वर पाठवा. सोबत --मिन-एज १५एम दिलं की गेल्या १५ मिनिटांत हात लागलेल्या फाइल्स आरक्लोन सोडून देतं, म्हणजे अजून लिहिली जात असलेली प्रत उचलली जात नाही.

दुसरी जात मोठ्या फाइलची. स्टुडिओतली ६० जीबीची एक व्हिडिओ फाइल घ्या. अपलोडचा वेग २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला ९ जीबी. ही एक फाइल जायला पावणेसात तास लागणार. रात्री ११ ला सुरू झालेली फाइल सकाळी पावणेसहाला पूर्ण होईल, पण मध्ये लाइन तुटली किंवा मशीन बंद झालं तर? अर्धवट राहिलेला अपलोड आरक्लोन पुढच्या खेपेला तिथून पुढे चालू करत नाही, पहिल्यापासून सुरू करतं. फाइल ९० टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर. असं आठ दिवस चाललं तर ४०० जीबीहून जास्त डेटा चढवून वर एक फाइलसुद्धा उभी नसते.

किरकोळ खंडाला तोंड देण्याची सोय आरक्लोनमध्ये आहे. खालच्या पातळीवर १० वेळा आणि अख्ख्या कामाचे ३ वेळा प्रयत्न ते डीफॉल्टने करतं. पण प्रोसेसच मेली तर काही चालत नाही. म्हणून मोठ्या फाइलचे सेव्हन-झिपने २ जीबीचे तुकडे करा (-व्ही२जी), आणि व्हिडिओ असल्यामुळे कॉम्प्रेशन बंद ठेवा (-एमएक्स०), नाहीतर प्रोसेसर तापवून हाती काही लागत नाही. तुटलं तरी फार तर २ जीबी वाया, बाकीचे तुकडे वर बसलेले असतात.

वेग वाढवण्यासाठी --ड्राइव्ह-चंक-साइज ६४एम द्या, मूळ ८एम असतो. चंक म्हणजे एका खेपेला जाणारा फाइलचा तुकडा. हा आकडा दोनाचा घात म्हणजे १६, ३२, ६४ असाच चालतो. एकावेळी ४ फाइल्स जात असतात आणि प्रत्येकीला एक चंक मेमरीत धरावा लागतो, म्हणजे ६४ गुणिले ४, २५६ एमबी रॅम त्यातच गेली. ४ जीबीच्या मशीनवर २५६एमचा चंक लावून मशीन लोळवणारेही आहेत.

दिवसा बिलिंग अडकू नये म्हणून वेग बांधायचा असेल तर असं:

--बीडब्ल्यूलिमिट "०८:००,५१२के २१:००,ऑफ"

इथे फसगत एककात होते. इंटरनेटवाला वेग बिट्समध्ये सांगतो, आरक्लोन बाइट्समध्ये मोजतं. २० एमबीपीएसच्या लाइनवर लिमिट १०एम ठेवलं तर ते ८० एमबीपीएसच्याही वर झालं, म्हणजे लिमिट नाहीच.

जागा आहे म्हणता, मग ‘कोटा’ कशाला?

‘स्टोरेज कोटा एक्सीडेड’ आलं की आधी ‘आरक्लोन अबाउट ड्राइव्ह:’ चालवा. ‘ट्रॅश्ड’ आणि ‘अदर’ या दोन ओळी बघा. फुकटच्या खात्यातले १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात, ‘अदर’ म्हणजे तेच. ‘ट्रॅश्ड’ हा आरक्लोनच्याच कर्माचा भाग. सिंकने (वरची प्रत मूळ फोल्डरसारखी करणाऱ्या कमांडने) काढून टाकलेल्या फाइल्स ड्राइव्हच्या कचरापेटीत जातात आणि ३० दिवस तिथे जागा अडवून बसतात. रोज नव्या नावाची २ जीबीची बॅकअप फाइल आणि जुनी डिलीट, असा रिवाज असेल तर आठवड्यात खातं भरतं. ‘आरक्लोन क्लीनअप ड्राइव्ह:’ ने पेटी रिकामी होते. रिकामी म्हणजे कायमची रिकामी, तेव्हा त्यात हवं ते काही नाही ना, आधी बघून घ्या.

पैसे भरलेलं मोठं खातं असूनही ४०३ येत असेल आणि त्या दिवशी भरपूर डेटा चढवला असेल, तर ती दिवसाला ७५० जीबीची अपलोड मर्यादा. १०० एमबीपीएसची लाइन दिवसभर भरून चालली तर हजार जीबीच्या वर जाते, म्हणजे मर्यादा गाठणं अवघड नाही. --बीडब्ल्यूलिमिट ८एम ठेवलं तर दिवसभरात साधारण ७२५ जीबी जातात आणि प्रश्न उरत नाही.

मराठी नावांच्या फाइल्स

इंग्रजीतल्या मदतलेखांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये दिसतात, अक्षर न् अक्षर सारखी. एक डिलीट केली तरी रात्री परत येते. भूत वगैरे काही नाही, हा ऱ्या चा खेळ आहे. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतं: नुक्त्याचा ऱ हे एकच अक्षर घेऊन पुढे हलन्त; साधा र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. ऑफिसातल्या दोन मशीनवर दोन वेगळे कीबोर्ड असले की पडद्यावर एकच दिसणारी नावं आत वेगळी असतात.

पहिल्या दोन तऱ्हा आरक्लोन तुलना करताना एकच धरतं. तिसरी मात्र त्याच्या लेखी निराळंच नाव आहे. तपासायचं असेल तर लिनक्सवर नावाचे बाइट मोजा. ‘शेतकऱ्यांची’ एवढा शब्द पहिल्या पद्धतीने ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा भरतो. झेडडब्ल्यूजे असेल तर १२ चिन्हं आणि ३६ बाइट. दोन्हींतलं एक नाव ठरवा, दुसरी फाइल मूळ फोल्डरमध्येच नव्याने नाव टाइप करून बदला. नुसतं ड्राइव्हवर बदलून उपयोग नाही, सिंक रात्री परत आणेल.

याच्याशी गल्लत होते ती ड्राइव्हवरच्या खऱ्या डुप्लिकेटची. ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत एकाच नावाच्या दोन फाइल्स ठेवू देतं, आणि दोन बॅकअप एकमेकांवर चढले की त्या तयार होतात. त्यासाठी ‘आरक्लोन डीड्यूप’ आहे. आधी --ड्राय-रन लावून काय काय जाणार ते बघा.

नावाच्या लांबीचाही फटका आपल्यालाच जास्त. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. लिनक्सवर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चालतात. त्यामुळे ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ म्हणून सुरू होऊन संस्थेचं पूर्ण नाव, सन आणि ठराव क्रमांक घेऊन संपणारी फाइल विंडोजवर नांदते, ड्राइव्हवर जाते, आणि लिनक्सच्या मशीनवर उतरवताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. क्रिप्ट रिमोटने नावं गुप्त करत असाल तर मर्यादा नेहमीच्या पद्धतीत जेमतेम १४३ बाइटवर येते, देवनागरीत ४७ चिन्हं. लांब मजकूर फोल्डरच्या नावात ठेवा, फाइलचं नाव आखूड.

बॅच फाइलमध्ये मराठी पत्ता लिहिल्यावर लॉगमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल एएनएसआयमध्ये (जुन्या अक्षरपद्धतीत) सेव्ह झाली आहे. नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय), पुन्हा सेव्ह करा आणि सुरुवातीलाच ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ घाला.

सिंक वापरत असाल तर

कॉपी फक्त भर घालतं, सिंक मूळ फोल्डरात नसलेलं वरून पुसतं. लिनक्सवर बाहेरची डिस्क माउंट झाली (जोडली गेली) नाही तर माउंटचं फोल्डर रिकामं दिसतं, आणि रिकाम्या फोल्डरशी सिंक म्हणजे सगळा बॅकअप साफ. दोन कुलुपं लावा:

आरक्लोन सिंक /डेटा/हिशोब ड्राइव्ह:दुकान/चालू --बॅकअप-डिर ड्राइव्ह:दुकान/जुने/आजची-तारीख --मॅक्स-डिलीट ५०

पन्नासपेक्षा जास्त फाइल्स पुसायची वेळ आली की काम थांबतं. पुसलेल्या आणि बदललेल्या फाइल्स ‘जुने’मध्ये तारखेच्या फोल्डरात राहतात. बॅकअप-डिर त्याच रिमोटवर हवा, पण ‘चालू’च्या पोटात नको. तारखेचं फोल्डर रोज नवं करा, नाहीतर कालची जुनी प्रत आजच्या जुन्या प्रतीखाली जाते.

महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकायच्या आत, हे चालवा:

आरक्लोन चेक /डेटा/हिशोब ड्राइव्ह:दुकान/चालू --कंबाइन्ड /लॉग/तपासणी.टीएक्सटी

तयार झालेल्या यादीत प्रत्येक फाइलच्या आधी एक खूण असते. बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्हीकडे सारखी. अधिक म्हणजे तुमच्याकडे आहे पण वर गेलेली नाही. उणे म्हणजे फक्त वर उरली आहे. तारा म्हणजे दोन्हीकडे आहे पण मजकूर वेगळा, आणि उद्गारचिन्ह म्हणजे वाचताना किंवा मोजताना एरर आली. अधिक आणि उद्गारचिन्हाच्या ओळी आधी हातात घ्या. तारा लागलेल्या फाइलची तारीख आजचीच असेल तर ती दिवसभरात बदललेली असते, रात्रीच्या बॅकअपनंतर पुन्हा तपासा. तारीख जुनी असूनही तारा लागला असेल तर ती फाइल तात्पुरत्या फोल्डरात उतरवून उघडून बघा.